पाचवी पिन

कलावती गजभिये यांच्या अंगावर कायम पाच सेफ्टी पिना असत. चार कामाच्या, एक राखीव. नागपूरला इंदोऱ्यात त्यांचा शिवणक्लास होता तेव्हा या पिना डाव्या हातातल्या बांगडीला लटकलेल्या असत, आणि क्लासच्या पोरींना मॅडम जिन्यात असल्यापासूनच त्यांचा आवाज ऐकू येई. लग्नात कुणाचा पदर सुटो, बसमध्ये कुणाच्या चपलेचा अंगठा निघो, कलावतीबाईंची बांगडी पुढे येई. न्यूझीलंडला येताना विमानतळावरच्या तपासणीत त्या पिना ट्रेमध्ये काढून ठेवाव्या लागल्या. पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात गेला तेव्हा वाटलं नव्हतं इतकं बाईंना तेव्हा उघडं वाटलं.

पिनांसारखीच आणखी एक गोष्ट त्यांच्या अंगावर कायम असे, ती म्हणजे भीती. ख्राइस्टचर्चला येऊन सहा वर्षं झाली, तरी त्या भूकंपाला भीत. नॉर्वेस्टर वारा सुटला की घराच्या लाकडी भिंती कुरकुरत, त्याला भीत. बँकेच्या फोनमध्ये बोलणाऱ्या बाईला भीत, कारण ती मध्येच ‘समजलं नाही’ म्हणे आणि चूक आपलीच आहे असं बाईंना वाटे. शेजारच्या कुत्र्याला भीत. कुत्रा मांजराहून लहान होता. लेक गौतमी म्हणायची, आई, तुला कशाची भीती वाटत नाही ते सांग, यादी छोटी होईल. गौतमी तिथल्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तिच्यामुळेच आईबाबा इकडे आले होते.

पण शिवणयंत्रावर बसलं की ही बाई वेगळीच होई. वूलस्टनमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नायरी नावाच्या बाईंचा छोटा कारखाना होता. तंबू, बोटींची कव्हरं आणि घोड्यांचे कोट. होय, घोड्यांचे कोट. इकडे थंडीत घोडी कोट घालून चरतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जयवंतराव, म्हणजे कलावतीबाईंचे यजमान, रस्त्याकडेला गाडी थांबवायला लावून पाच मिनिटं बघत उभे होते. कलावतीबाईंनी वर्षभर घोड्यांचे कोट शिवले. नायरी त्यांना ‘काला’ म्हणे. ती साठीची, पुरुषासारखे आखूड केस, बाराही महिने पायात रबरी चपला, इकडे त्यांना जँडल्स म्हणतात, आणि जगातल्या कुठल्याही बातमीवर तिचं उत्तर एकच असे, ‘स्वीट ॲज’, म्हणजे एकदम झकास.

मग एके दिवशी नायरीने सगळ्या सहा जणींना चहाला बसवलं आणि सांगितलं की आता आपण अंतराळात जाणाऱ्या पिशव्या शिवणार आहोत.

कलावतीबाईंनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा जयवंतरावांनी पेपर बाजूला ठेवला. वीज मंडळात तीस वर्षं काढलेला माणूस. ठेका हा शब्द निघाला की त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज येई. त्यांनी समजावून सांगितलं. वर आकाशात एक स्टेशन फिरतंय, त्यात माणसं राहतात. त्यांना खायला लागतं, कपडे लागतात, औषधं लागतात. पूर्वी अमेरिकेचं सरकार स्वतःची गाडी काढून सामान पोचवायचं. आता ते गाडी ठेवतच नाही. खासगी कंपनीला ठेका देतं. गाडी तुमची, माल आमचा, सुखरूप पोचला तर बिल काढा. आपल्या मंडळाने खांब वाहायला ट्रकवाला लावला होता, तसंच. फक्त खड्डे कमी.

“त्या कंपनीनं पिशव्यांचं काम दुसऱ्याला दिलं, त्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं तुझ्या नायरीला,” जयवंतराव म्हणाले. “म्हणजे तू पोटठेकेदाराच्या पोटातली. पण सांगून ठेवतो, सरकारी ठेक्यात खांबाचा बोल्ट राहिला तरी चालतो, कागद राहिला तर चालत नाही.”

हे मात्र खरं निघालं. वरच्या मजल्यावर कुणी नळ उघडा टाकला की खालच्या घरच्या भिंतीला ओल येते, तशा अमेरिकेतल्या सरकारच्या अटी एकेक मजला झिरपत वूलस्टनच्या शेडमध्ये आल्या. भिंतीवर एक मोठा पांढरा फळा लागला. त्यावर प्रत्येक कात्रीची, प्रत्येक सुईची, कापड धरायच्या प्रत्येक लाल चिमट्याची बाह्यरेखा रंगवलेली. वस्तू घेतली की तिच्या जागी आपल्या नावाचा बिल्ला लावायचा. संध्याकाळी वस्तू जागेवर, बिल्ला खिशात. फळ्यावर एक जरी जागा रिकामी दिसली तरी कुणी घरी जायचं नाही. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधून कागदावर चिकटवायचे. पिशव्यांना धातूची बकलं होती, त्यामुळे सुई पकडणारं यंत्र इथे उपयोगाचं नव्हतं. सगळा भरवसा मोजणीवर.

कारण नायरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिथे वजन नसतं. पडलेली वस्तू पडत नाही, तरंगते. सुईचा एक तुकडा पिशवीतून निघाला तर तो कुठल्यातरी पंख्यात जाईल, नाहीतर झोपलेल्या माणसाच्या डोळ्यात. हे ऐकल्यापासून तीन दिवस कलावतीबाई स्वतःचेच डोळे चोळत होत्या.

आणि रोज संध्याकाळी सगळ्या जणी एका कागदावर सही करत. कामाच्या जागी माझ्याजवळ कुठलीही खासगी वस्तू नव्हती.

कलावतीबाई रोज सही करत. बांगड्या, कानातलं, मोबाइल, सगळं लॉकरमध्ये जाई. आणि बांगडीतल्या पाच पिना निघून कुर्त्याच्या आतल्या बाजूला, शिवणीलगत एका ओळीत बसत. यात लबाडी नव्हती. इतक्या दिवसांत एकदाही त्यांच्या मनात आलं नाही की पिन ही वस्तू आहे. चष्मेवाला माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतो, त्याला लबाड कोण म्हणेल?

पहिला लॉट छत्तीस पिशव्यांचा. शुक्रवारी संध्याकाळी शेवटची पिशवी बंद झाली. मंगळवारी अमेरिकेच्या कंपनीची ऑडिटर येणार, बुधवारी दुपारी तीनला ट्रक येणार. हा लॉट वेळेवर आणि बिनतक्रार गेला तर पुढच्या दोन वर्षांच्या पिशव्या इथेच शिवल्या जाणार होत्या. नाही गेला तर पुन्हा घोड्यांचे कोट, आणि कोटांना सहा बायका लागत नाहीत. तीन पुरतात. नायरीने हे लपवलं नव्हतं.

रविवारी सकाळी हॉर्नबीतल्या शाळेच्या हॉलमध्ये वंदना होती. महिन्यातून एकदा शहरातली बौद्ध मंडळी तिथे जमत. कलावतीबाईंनी पांढरी साडी काढली. एक पिन निऱ्यांना, एक खांद्यावर, दोन पदराच्या घडीला. मग सवयीने राखीव पिन बांगडीत अडकवायला हात गेला.

पिना ठेवायच्या बशीत ती नव्हती.

बशी उपडी केली. पलंगाखाली पाहिलं. शुक्रवारचा कुर्ता आठवला, तो शनिवारीच धुऊन झाला होता, आणि धुण्याआधी त्यातल्या पिना त्यांनी न मोजताच बशीत टाकल्या होत्या. वॉशिंग मशीनच्या रबराच्या कडेत बोटं घालून पाहिलं. दोरीखालच्या गवतात पाहिलं. दारात जयवंतराव बूट घालून उभे होते.

“काय शोधून राहिली?”

“काही नाही,” कलावतीबाई म्हणाल्या.

हे ‘काही नाही’ पुढे तीन दिवस सगळ्यांना महागात पडणार होतं. पण भ्यालेल्या माणसाच्या तोंडात पहिला शब्द तोच येतो.

कारण गाडीत बसल्या आणि त्यांना शुक्रवारची दुपार आठवली. एका पिशवीचं अस्तर मशीनखाली सारखं सरकत होतं. लाल चिमटे सगळे शेजारच्या मशीनवर अडकलेले. एका मिनिटाचं तर काम. हात कुर्त्याच्या कडेला गेला, एक पिन निघाली, अस्तराला लागली, शिलाई पुढे गेली. नागपुरात बावीस वर्षं असंच केलं होतं. पिन लावलेली त्यांना स्पष्ट आठवत होती. बोटांना तिचा थंडपणासुद्धा आठवत होता. काढलेली आठवत नव्हती.

कोणती पिशवी, तेही आठवत नव्हतं. शेवटच्या बारापैकी कुठलीतरी.

हॉलमध्ये पंचशील सुरू झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. जन्मल्यापासून म्हणत आलेले शब्द ओठांपर्यंत आले आणि कलावतीबाईंना शुक्रवारचा तो कागद दिसला. माझ्याजवळ कुठलीही खासगी वस्तू नव्हती. खाली गोल, वळणदार सही, क्लासच्या प्रमाणपत्रांवर करत तशी. चौथं शील त्यांनी गाळलं. शेजारी गौतमीने वळून पाहिलं. बाईंनी खोकल्यासारखं केलं, म्हणजे न बोलता आणखी एक खोटं.

दुपारभर त्यांनी अंतराळातल्या माणसाला पाहिलं. तो बारीक चेहऱ्याचा, थोडा गौतमीसारखा होता. पिशवी उघडत होता आणि आतून एक पिन, उघडी, हळूहळू तरंगत त्याच्या डोळ्याकडे येत होती. कुणी तिला ढकलत नव्हतं. तिला घाईही नव्हती. मग त्यांना कोर्ट दिसलं, मग विमानतळ, मग जयवंतराव दोन बॅगा घेऊन नागपूरला एकटेच उतरताहेत असं दिसलं. भीती वाढत गेली की तिला तपशील फुटतात. बॅगांचा रंगसुद्धा दिसला.

सोमवारी त्या नायरीकडे तीनदा गेल्या. पहिल्यांदा नायरी फोनवर होती. दुसऱ्यांदा नायरीने स्वतःच विचारलं की काय गं, काला, आणि बाईंच्या तोंडून निघालं की दोरा संपलाय. दोरा मिळाला. तिसऱ्यांदा नायरीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना खुर्चीत बसवलं, रजा पाहिजे का विचारलं, लॉट गेला की हवी तेवढी घे, स्वीट ॲज, म्हणाली आणि वर एक बिस्किट दिलं. छत्तीस पिशव्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद होऊन खोक्यांत बसल्या होत्या, आणि खोक्यांच्या त्या भिंतीला पाठ लावून कलावतीबाई दिवसभर घोड्याचा एक कोट शिवत होत्या. त्या दिवशी घोड्याला दोन मानेचे पट्टे मिळाले.

मंगळवारी ऑडिटर आली. कलावतीबाईंनी कुणी उंच, बूट वाजवत येणारी, पोलिसासारखी बाई कल्पिली होती. आली ती बुटकी, पांढऱ्या केसांची, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेली. शाळेच्या ग्रंथपाल असतात तशी. तिने आवाज न करता फळ्यावरची प्रत्येक वस्तू मोजली. चिमटे मोजले, सुया मोजल्या, मोडक्या सुयांचे चिकटवलेले कागद भिंगाखाली जुळवून पाहिले. सगळं बरोबर होतं. बरोबर असणारच. पिन फळ्यावर नव्हतीच, मग फळ्याला तिची उणीव कशी कळणार?

मग तिने एका पिशवीची शिलाई पाहिली आणि विचारलं, ही कुणाची? नायरीने अभिमानाने कलावतीबाईंकडे बोट दाखवलं. ऑडिटर म्हणाली की इतकी सरळ शिलाई तिने बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. कलावतीबाईंना वाटलं, आता जमीन हलली तर बरं. ख्राइस्टचर्चची जमीन नको तेव्हा हलते, आज हलली नाही.

शेवटी ऑडिटरने प्रत्येकीला तो ठरलेला प्रश्न विचारला. मला सांगावंसं काही आहे का? एकेक जण नाही म्हणत गेली. तिच्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं. कागद मांडीवर होता. पाचवीही नाही म्हणाली. आता कलावतीबाई.

त्यांचं इंग्रजी रोजच्या कामापुरतं होतं, भीती पेलण्याएवढं नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या. कुर्त्याची कड उलटी केली. आत ओळीने चार पिना.

“माय पिन,” त्या म्हणाल्या. “फाइव्ह. नाऊ फोर. वन... मे बी इन बॅग.”

नायरी एका खोक्यावर बसली. तिच्या तोंडून ‘स्वीट ॲज’ निघालं नाही. ती एवढंच म्हणाली, “राइट.” आणि थोड्या वेळाने पुन्हा, “राइट.”

ऑडिटरने पेनचं टोपण लावलं.

पुढचे पाच तास शोधण्यात गेले. छत्तीस खोकी उघडली. छत्तीस प्लास्टिकं फाडली. प्रत्येक पिशवी दोन जणींनी दोन बाजूंनी बोटांनी चाचपली, शिवण न् शिवण, कोपरा न् कोपरा. अस्तर आणि बाहेरचं कापड यांच्यामध्ये जाड गादीसारखा थर होता, त्यात पिन रुतली असेल तर बोटांना लागेलच असं नाही. मग शेवटच्या बारा पिशव्यांची अस्तरं उसवली. उसवायला कलावतीबाईच बसल्या. आपलीच शिलाई, जिची सकाळीच तारीफ झाली होती, ती त्यांनी टाका टाका तोडली. मैत्रिणींपैकी कुणी टोमणा मारला नाही. तो मारला असता तर बरं वाटलं असतं. सीना नावाची सामोअन बाई एकदाच म्हणाली, काला, उद्या माझं काम गेलं तर मी तुझ्या घरी जेवायला येणार, रोज, पाच पोरं घेऊन. कलावतीबाई म्हणाल्या, ये. आणि त्यांना रडू आलं.

पिन सापडली नाही.

कलावतीबाईंना क्षणभर वाटलं, सुटलो. पण ऑडिटरने मान हलवली. तिने शांतपणे समजावलं की सापडली नाही याचा अर्थ नाही असा होत नाही. कार्गो कंपनीकडे क्ष-किरणांचं यंत्र आहे, पण ते गुरुवारी मिळेल, आणि बकलाच्या सावलीत पिन लपली तर तेही फसेल. ती पिन दुसरीकडे कुठे आहे हे जोवर कळत नाही, तोवर ती या पिशव्यांतच आहे असं तिला धरावं लागेल. उद्या तीनपर्यंत पिन समोर आली तर लॉट जाईल. नाही तर नाही.

मग तिने एक कोरा फॉर्म काढला. हरवलेल्या वस्तूचं वर्णन. खाली एक चौकोन, चित्रासाठी. कलावतीबाईंनी पेन्सिल घेतली आणि पिन काढली, जशीच्या तशी. जुनी, पिवळट पडलेली, आणि डोकं डावीकडे थोडं वाकलेलं. क्लासमध्ये एकदा ती सुटायला लागली होती, तेव्हा त्यांनी पक्कडीने दाबून घट्ट केली होती. ती दाबल्याची खूणसुद्धा काढली. ऑडिटरने चित्र बराच वेळ पाहिलं आणि त्याची एक झेरॉक्स त्यांना दिली.

गौतमी घ्यायला आली तेव्हा साडेपाच वाजले होते, ऊन लख्ख होतं. गाडीत सगळं बाहेर आलं, रविवारपासूनचं, डोळ्यासकट, कोर्टासकट, जयवंतरावांच्या दोन बॅगांसकट. गौतमीने गाडी एका डेअरीसमोर, म्हणजे इकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, थांबवली, आत जाऊन आइसब्लॉक, म्हणजे काडीवरचा बर्फगोळा, आणला आणि आईच्या हातात दिला. मग म्हणाली, “आई, हे रविवारी काऊन नाही सांगितलं?”

“तुझे बाबा घाबरले असते.”

घरी जयवंतराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात मोबाइल. मायलेकींचे चेहरे पाहून ते उठले. गौतमीने उभ्याउभ्याच सांगितलं. ते ऐकत गेले. अमेरिकेचं सरकार हा शब्द आला तेव्हा पुन्हा खाली बसले.

“कशी होती पिन?” त्यांनी विचारलं.

कलावतीबाईंनी झेरॉक्स पुढे केली. जयवंतरावांनी चष्मा लावला. चित्राकडे पाहिलं. मग चित्र थोडं लांब धरलं. मग जवळ. गौतमीला नंतर आठवलं की बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग वरून खाली उतरत गेला, लिफ्टसारखा.

“हे चित्र,” ते हळू आवाजात म्हणाले, “वरपर्यंत गेलं का?”

“फाइलमध्ये आहे. का?”

जयवंतरावांचा उजवा हात सावकाश पोटाकडे गेला. बनियन वर झालं. पायजम्याच्या नाड्याचं एक टोक बाहेर आलं, आणि त्या टोकाला, वाकलेल्या डोक्याची, पिवळट, एक सेफ्टी पिन.

शनिवारी सकाळी पायजम्याचा नाडा आत गेला होता. पायजम्याचा नाडा आत जाणं हे जगातल्या सगळ्या देशांत सारखंच. धुण्याच्या टोपलीत वरच बायकोचा कुर्ता होता, कुर्त्याच्या कडेला पिना होत्या. त्यांनी एक काढली, नाडा ओवला आणि पुन्हा आत जाऊ नये म्हणून पिन टोकालाच राहू दिली. म्हणजे शुक्रवारी कलावतीबाईंनी पिन अस्तरातून काढली होती. त्यांच्या बोटांनी काढली, कुर्त्यात लावली, आणि डोक्याला कळवलंच नाही.

“मी विचारलं होतं तुला,” जयवंतराव म्हणाले. “रविवारी. काय शोधून राहिली म्हणून. तू म्हणालीस काही नाही.”

कलावतीबाईंनी नाड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. हसू येत होतं की रडू, ते गौतमीला कळेना. आइसब्लॉक केव्हाच वितळून मनगटावरून ओघळत होता.

गौतमी म्हणाली, बाबा, ती काढा आणि द्या. पण वीज मंडळाचा माणूस जागा झाला होता. त्यांनी पिनेवर हात ठेवला. पुरावा जागेवरून हलवायचा नाही, ते म्हणाले, मीटर जळालं तरी आधी पंचनामा. रात्रीचं जेवण झालं, पायजमा बदलला, आणि तो पिनेसकट घडी करून कागदी पिशवीत ठेवला गेला.

बुधवारी सकाळी नऊ वाजता जयवंतराव गजभिये इस्त्रीचा शर्ट घालून, ती पिशवी छातीशी धरून वूलस्टनच्या शेडमध्ये हजर झाले. आता घाबरायची पाळी त्यांची होती. टेबलावर ऑडिटरने मूळ चित्र मांडलं. पायजमा उलगडला गेला. सहा बायका, एक नायरी आणि एक अमेरिकन बाई यांच्यासमोर आपला नाडा ओढला जाताना त्यांनी नजर छतावर लावली होती. ऑडिटरने पिन चित्रावर ठेवली. वाकलेलं डोकं वाकलेल्या डोक्यावर बसलं. पक्कडीची खूण भिंगातून पाहिली. मग तिने पिन फॉर्मवर पारदर्शक पट्टीने चिकटवली आणि ‘कुठे सापडली’ या रकान्यात लिहिलं. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे मोठ्याने वाचलं. पतीच्या पायजम्याच्या नाड्याच्या टोकाला.

साक्षीदार म्हणून जयवंतरावांनी सही केली. तीस वर्षांत त्यांनी हजारो सरकारी कागदांवर सह्या केल्या होत्या. असा एकही नव्हता.

तेव्हा कुठे नायरी हसली. खोक्यावर बसून, डोळे पुसत, किती वेळ. पण कलावतीबाई हसल्या नाहीत, कारण ऑडिटरने त्यांच्यासाठी दुसरा कागद काढला होता. लेखी ताकीद. खासगी वस्तू बाळगल्याबद्दल आणि तसं नसल्याची सही केल्याबद्दल. काम जात नव्हतं, पण हा कागद फाइलीत राहणार होता. त्यांनी तो गौतमीला फोनवर दोनदा वाचून दाखवला आणि मगच सही केली. नेहमीची वळणदार सही आज जरा वाकडी आली.

ऑडिटर कागद गोळा करता करता त्यांच्याशी बोलली, सावकाश, त्यांना समजावं म्हणून.

“मी बावीस वर्षं हे काम करते. मला रोज भीती वाटते. जी बाई घाबरत नाही, तिच्या पिशव्या मी दोनदा उघडते.”

सहा जणींनी जेवणाची सुट्टी न घेता उसवलेली बारा अस्तरं पुन्हा शिवली. ऑडिटरने एकेक तपासली, खोकी बंद झाली. ट्रक तीनला येणार होता, तीन वाजून दहा मिनिटांनी आला. त्या दहा मिनिटांतही कलावतीबाईंनी घाबरून घेतलंच.

आता शेडमधल्या फळ्यावर कात्र्यांच्या खाली नायरीने चार छोट्या पिनांच्या बाह्यरेखा रंगवल्या आहेत. कलावतीबाई आल्या की बांगडीतल्या पिना काढून त्या तिथे लावतात, आणि नायरी समोर उभी राहून मोजते. पाचवी पिन फॉर्मसह अमेरिकेला गेली. अंतराळात नाही, एका फाइलीत. जयवंतराव म्हणतात की ठेका संपला तरी सरकारी फाइल संपत नाही, तेव्हा आपला नाडा आता अजरामर आहे.

पुढच्या महिन्याच्या वंदनेत चौथं शील आलं तेव्हा कलावतीबाईंनी ते इतक्या मोठ्याने म्हटलं की पुढच्या रांगेतल्या दोन जणी वळल्या.

काही महिन्यांनी पिशव्या घेऊन ती अंतराळातली गाडी उडाली. गौतमीने टीव्ही लावला. कलावतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत. दोन दिवसांनी सामान स्टेशनला लागलं, पिशव्या उघडल्या गेल्या, सगळं ठीक असल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं की डोळे बरे आहेत ना सगळ्यांचे.

घरी त्यांनी नवी राखीव पिन घेतली आहे. ती स्वयंपाकघराच्या दारामागे एका खिळ्याला असते, खिळ्याखाली पेन्सिलीने काढलेलं तिचं चित्र. परवा सकाळी आतून जयवंतरावांचा आवाज आला, “पिन घेतली गं.”

कलावतीबाईंच्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली.

“घेतली ते कळलं,” त्या म्हणाल्या. “लावली कुठं, ते सांगा.”